अमेरिकेच्या सभागृहातलं स्वयंपाकघर

अमेरिकेत पूर्वी गावची सभा ज्या घरात भरायची, त्या घराला मी स्वयंपाकघर काढलं होतं. मागच्या बाजूला, दीड वीत बाय एक वीत. त्यात ओटासुद्धा केला होता. हे घर प्लायवूडचं होतं, मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी. चूक माझीच. पण त्या चुकीवरून आमच्या घरात जे काय झालं, ते लिहून ठेवायचं आहे. बायको जाऊन आठ महिने झाले. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, जस्ट राइट इट डाउन." आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला सांगायला काय जातं. पण बसलोय लिहायला.

मी सुतार. जातीनं आणि धंद्यानंही. इराक्यांना हाकलून लावल्यावर कुवेतमध्ये जो तो घरं, दुकानं पुन्हा उभी करत होता, तेव्हा मी आलो. शुवैखला एका कुवेती मालकाचा फर्निचरचा कारखाना होता, तिथं रंध्यावर लागलो. पाच वर्षं बॅचलर होतो, सुलैबियाला एका खोलीत सहा जण. मग मालकानं फोरमन केलं आणि फॅमिली व्हिसा होईल इतका पगार कागदावर लावून दिला, तेव्हा बायको आणि मुलगी आल्या. महबूलाला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बायको दहावी पास होती. माझ्याहून दोन यत्ता जास्त, आणि ते तिनं मला कधी विसरू दिलं नाही. शेजारणी कामाला जायच्या, त्यांची पोरं ती दिवसभर आमच्याकडे सांभाळायची. त्या पोरांना ती मालवणीत रागवायची आणि ती पोरं मल्याळीत रडायची. सगळ्यांना सगळं कळायचं.

आमच्या गावच्या लोकांचं कुवेतमध्ये एक मंडळ होतं. वीस-बावीस पुरुष. महिन्यातून एका शुक्रवारी सभा, आणि ती बहुतेक आमच्याच हॉलमध्ये. कारण उघड होतं. बाकीचे सगळे बॅचलर, आणि आमच्याकडे काळ्या वाटाण्याची उसळ मिळायची. मंडळात फॅमिलीवाले आम्ही तिघंच. तिघांच्या बायका आमच्या स्वयंपाकघरात असायच्या, पुरुष हॉलमध्ये. मध्ये एक पडदा. चहा पडद्यातून यायचा.

अध्यक्ष आमच्या गावच्या मानकऱ्यांच्या घरातले. तेलाच्या कंपनीत स्टोअरकीपर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. पण गावी देवळात गावकी बसते, तेव्हा कुणी कुठल्या खांबाला टेकून बसायचं हे ठरलेलं असतं. आम्ही सुतार खाली पायरीशी. माझ्या बापानं देवाची पालखी तीन वेळा दुरुस्त केली, पण सभेत त्याला कधी कुणी विचारलं नाही. तो पायरीवर बसायचा आणि ठरलेलं ऐकून यायचा. कुवेतच्या मंडळात मात्र प्रत्येकाला एक हात. मानकरी असो की सुतार. पहिल्यांदा मी हात वर केला आणि अध्यक्षांनी "सुतार, एक" असं म्हटलं, त्या दिवशी मला बाप आठवला होता.

आणि या हातानं मी काय केलं ते ऐका.

मंडळाकडे गावासाठी काहीतरी करण्याइतके पैसे जमले होते. काय करायचं, तर एका बाजूला देवळाला नवीन सागवानी दरवाजा, कोरीव चौकटीसकट. दुसरी गोष्ट म्हणजे सुतारवाडीला पाण्याची टाकी आणि पंप. आमची वाडी डोंगराच्या उतारावर. खालच्या बावीवरून पाणी आणायचं, एकशे बारा पायऱ्या. पायऱ्या माझ्या आजोबांनी मोजलेल्या, बायकोनं रोज मोजलेल्या. आमचं पहिलं मूल तिच्या सातव्या महिन्यात त्याच पायऱ्यांवर गेलं. डोक्यावर हंडा होता, मधेच बसली. मी तेव्हा मुंबईला कामाला होतो. मला पत्र आलं. यावर आम्ही दोघं आयुष्यात दोनदाच बोललो असू.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "दरवाजो झालो तर काम आपल्या सुतारान करूचा. चौकटीर तेचा नाव घालूचा."

देवळाच्या दरवाजावर माझं नाव. बाप पायरीवर बसायचा त्या देवळाच्या.

मी दरवाजासाठी हात वर केला. पडदा जरा हलला होता, हे मी पाहिलं होतं. तरी केला.

सगळे उसळ खाऊन गेल्यावर ती भांडी घासत म्हणाली, "तुमी हात वर केलास."

"केलंय."

"देवाक दरवाजो नाय म्हणान देव खंय पळान जावचो नाय."

पुढचे तीन आठवडे ती जेवायला वाढायची, डबा द्यायची, डब्यात लोणचं नसायचं. आमच्याकडे भांडण म्हणजे लोणचं नसणं.

त्याच दिवसांत मुलीनं शाळेतून कागद आणला. प्रदर्शन होतं. तिच्या वाट्याचा विषय, अमेरिकेतली पहिल्या काळची लोकशाही आणि आजचं राजकारण, आजचा पैसा, यांची तुलना. मुलगी तेव्हा दहावीत. आम्ही मालवणीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरात रिवाज झाला होता. तिला मॉडेल करून हवं होतं. तिच्याकडे एका कागदावर त्या जुन्या सभाघराचं चित्र होतं, बाहेरून काढलेलं. उतरतं छप्पर, ओळीनं खिडक्या, मधोमध दार.

मला बरं वाटलं. घरात कुणीतरी माझ्याशी नीट बोलत होतं. कारखान्यातून बर्चच्या प्लायचे तुकडे आणले, अक्रोडाच्या व्हिनियरच्या पट्ट्या आणल्या, आणि दोन शुक्रवार बसून घर उभं केलं. छप्पर उचलता येईल असं केलं, आत दिसावं म्हणून. बाहेरचं चित्र होतं, आतलं नव्हतं. आतलं मी माझ्या अकलेनं केलं. पुढं एक चौथरा, मानकऱ्यांसाठी. खाली बाकं. दाराशी दोन पायऱ्या, आमच्यासारख्यांना बसायला. आणि मागं स्वयंपाकघर, मध्ये पडद्यासाठी तार ओढलेली.

मुलीनं छप्पर उचललं आणि म्हणाली, "बाबा, व्हॉट इज धिस?"

"किचन."

"देअर वॉज नो किचन."

"मग चहा कुठं करणार?"

ती हसायला लागली. रडायलाही आली होती, कारण प्रदर्शनाला चारच दिवस होते. बायको सांभाळायच्या पोरांना भात भरवत होती, ती उठून आली. तिनं आत वाकून बघितलं. चौथरा बघितला, बाकं बघितली, तारेवर बोट फिरवलं.

"मगे बायलमाणसा खंय बसत?" तिनं मुलीला विचारलं.

मुलीनं पुस्तक चाळलं. "आई, दे डिडंट व्होट. ओन्ली मेन. आणि मेन पण सगळे नाही. ज्यांची लँड आहे तेच."

"म्हंजे सुतार नाय," बायको म्हणाली. माझ्याकडे बघून.

मुलगी मग वाचून सांगत गेली, अर्धं इंग्रजीत, अर्धं आमच्या भाषेत. तिकडच्या लोकांनी राजाला झुगारलं. सगळी माणसं जन्मानं सारखी, असं मोठ्या कागदावर लिहिलं. गावंच्या गावं एका घरात जमायची आणि रस्ता कुठून काढायचा, शाळेला सरपण कुणी द्यायचं, हे हात वर करून ठरवायची. राजा नाही, सुभेदार नाही. मला ते ऐकून चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जमीन नसलेल्याला हात नाही, गुलामाला नाही, तिथं आधीपासून राहणाऱ्यांना नाही आणि बाईला नाही.

"सगळी सारकी म्हणान ज्येनी लिवल्यान," बायको म्हणाली, "तेंच्या घराक पाणी कोण भरी?"

मुलीनं पान उलटलं. थोडा वेळ वाचलं. "स्लेव्ह्ज," ती म्हणाली.

बायकोनं मान हलवली, बाजारात भाव कळल्यावर हलवावी तशी. मग म्हणाली, "तरी आमच्यापेक्षा तेंच्या बायलांचा बरा. तेंका चाय तरी करूक लागली नाय."

मुलगी हसली, मीही हसलो. हसता हसता मला कळलं की मी काय केलंय ते. मला हात मिळाला, माझ्या बापाला मिळाला नव्हता तो, आणि पहिल्याच मोठ्या कामाला मी तो माझ्या बायकोच्या विरुद्ध वर केला होता. त्या जुन्या अमेरिकेतल्या शेतकऱ्याला शिव्या घालायला मला तोंड नव्हतं. त्यालाही नुकताच हात मिळाला असणार. नवीन हात मिळालेला माणूस वर बघतो, मागं पडद्याकडे बघत नाही.

स्वयंपाकघर मी काढून टाकणार होतो. बायकोनं काढू दिलं नाही. म्हणाली, घराचे दोन भाग करा. एका बाजूला जुना काळ, दुसऱ्या बाजूला आजचा. स्वयंपाकघर आजच्या बाजूला राहू दे. मग मी मधे एक भिंत घातली. मुलीला पैशाचंही दाखवायचं होतं. जुन्या बाजूला दाराबाहेर एक छोटी घोडागाडी केली, धान्याच्या पोत्यांची. आजच्या बाजूला प्लायवूडनं भरलेला ट्रक. ट्रक का, तर त्या दिवसांत मी तेच बघत होतो. इराकवर लढाई झाली होती, वाळवंटात अमेरिकन सैन्याचे कॅम्प होते, आणि आमच्या कारखान्यातून प्लायवूडची टेबलं आणि पार्टिशनं ट्रकच्या ट्रक भरून जात होती. रंध्याला उसंत नव्हती. मालक खूश होता. मला ओव्हरटाइम होता. लढाई दुसऱ्याची आणि भाकरी आपली, असं त्या सालात सगळ्या शुवैखचं चाललं होतं.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. तो फुटत होता, त्याच्यापुढं आमचं काय चालणार.

मॉडेल परत घरी आलं, टीव्हीवर ठेवलं. पण माझ्या डोक्यातून जाईना. त्या कॅम्पचा माल ताब्यात घ्यायला एक म्हातारा अमेरिकन यायचा. ठेकेदाराचा माणूस, सैनिक नाही. कानावर पेन्सिल. सांधा हातानं चाचपून बघायचा, डोळ्यानं नाही, म्हणून मला तो आवडायचा. एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं. माझं इंग्रजी म्हणजे शब्द आणि हात.

"युवर व्हिलेज. मीटिंग? ऑल पीपल, हँड अप?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि चेहरा उजळला. त्याचं गाव उत्तरेला, बर्फाचं. वर्षातून एकदा, बर्फ वितळायच्या सुमाराला, अजून तशी सभा भरते म्हणाला. रस्ता, शाळा, आगीचा बंब. हात वर.

"वाइफ?" मी विचारलं. "वाइफ टॉक?"

"माय वाइफ टॉक," तो म्हणाला. "आय सिट."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं बोटानं बाहेर उभ्या ट्रककडे दाखवलं. त्याचं पुढचं बोलणं मी हळूहळू जुळवलं. रस्त्यासाठी माझा हात विचारतात, म्हणाला. या सगळ्यासाठी मला कुणी विचारलं नाही. त्यात आवाज चढवणं नव्हतं. पेन्सिल कानावर ठेवून तो सही करायला गेला.

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तेका नाय इचारल्यानी, माका नाय इचारल्यानी. तुमका तरी इचारल्यानी." पण त्या दिवशी डब्यात नसलेलं लोणचं संध्याकाळी ताटात आलं.

पुढच्या सभेत दरवाजाचं पक्कं करायचं होतं. आणि मंडळाचा एक नियम होता, तो तुम्हाला सांगायला हवा. शुक्रवारी कुणाकुणाला ड्यूटी असायची. रिफायनरी काय शुक्रवार बघत नाही. तेव्हा ज्याला यायला जमणार नाही त्यानं चिठ्ठी द्यायची, की माझा हात अमुक वर करील. कामावर बदली माणूस देतात तसा बदली हात. चिठ्ठीवर सही पाहिजे, आणि चिठ्ठी देणारा सभेत हजर असता कामा नये. एवढाच नियम. नियम अध्यक्षांनीच लिहिला होता, वहीत, हिरव्या शाईनं.

मी चिठ्ठी लिहिली. माझा हात माझी बायको वर करील. सही केली. सकाळी तिच्या हातात दिली. तिनं वाचली, उलटी करून मागं काही लिहिलंय का बघितलं.

"माका बोलूक येता काय पण?" ती म्हणाली.

"माझ्याशी बोलतंस तसा बोल."

"तसा बोललंय तर सगळे उठान जातले."

सभा सुरू झाली. मी उठलो आणि म्हणालो, मला काम आहे, मी जातो, ही चिठ्ठी. अध्यक्षांनी वाचली आणि चष्मा काढला.

"सुतारा, तुझा डोक्या फिरला काय रे? वैनी मेंबर नाय."

"मेंबर मी. चिठ्ठी माझी. नियमात बाप्या माणूस असं लिहिलंय?"

वही उघडली. तसं लिहिलं नव्हतं. कारण लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. एक जण मागून म्हणाला, "वैनी बोलूक लागली तर चाय करतलो कोण?" सगळे हसले. बायको पडदा बाजूला करून आली, हात पदराला पुसत. म्हणाली, "चाय केलंय. थर्मासात आसा. हातान घेवा." आणि माझ्या खुर्चीवर बसली.

मी माझ्याच घरातून बाहेर पडलो. नियमच तसा होता, हजर राहता येत नव्हतं. खाली इमारतीच्या दाराशी बकाला होती, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. तिथं पायरीवर बसलो. समुद्राकडून दमट वारा येत होता. पायरीवर बसून वाट बघायची मला खानदानी सवय. बाप आठवला. फरक एवढाच की तो खाली होता कारण त्याला हात नव्हता, आणि मी खाली होतो कारण माझा हात वर होता. ताकाची बाटली घेतली, तीही संपेना.

तासाभरानं लोक खाली उतरायला लागले. कुणी माझ्याकडे बघितलं, कुणी नाही. एक जण पाठीवर थाप मारून गेला, पण काय झालं सांगेना. वर गेलो. ती कप गोळा करत होती.

"काय झाला?"

"हरलंय. दोन हातांनी."

"तू काय बोललंस?"

"तुमी थंय नव्हतास. तुमका कित्याक सांगू? सभेतला सभेत."

मी खूप विचारलं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, महिनाभर. सांगितलं नाही. चेहऱ्यावर असं हसू, की मुलीनं पहिला नंबर काढल्यावरही मी पाहिलं नव्हतं. हरून आलेली बाई. मी मंडळातल्या लोकांना विचारलं, तर कुणी म्हणायचं, चांगलं बोलली, कुणी म्हणायचं, पाण्याचं बोलली. पुरुषांना बायकांचं बोलणं एवढंच लक्षात राहतं.

आमच्या मंडळात लोकशाही आली ती क्रिकेटमुळे. यात थट्टा नाही. दरवाजासाठी गावच्या गावकीकडून परवानगी यायची होती, ती लांबली, आणि म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा हात घ्यायचे ठरले. त्या शुक्रवारी भारत-पाकिस्तानची मॅच होती. फॅमिलीवाले दुसरे दोघं म्हणाले, सुतारानं दिली तशी चिठ्ठी बायकोला देऊन टाकू, आपण मॅच बघू. त्यांचं बघून बॅचलर लोकांनीही वैनींच्या नावानं चिठ्ठ्या दिल्या. सुलैबियाच्या खोलीत सहा जण टीव्हीपुढं, आणि त्यांचे सहा हात आमच्या हॉलमध्ये, तीन बायकांच्या मुठीत. मीही मॅच बघायला गेलो. भारत जिंकला आणि पाणीही जिंकलं. अध्यक्ष मॅच सोडून सभेला आले होते, बिचारे दोन्हीकडून हुकले.

टाकी झाली. पंप बसला. गावी फोटो निघाले. टाकीवर पाटी लागली, आणि पाटीवर नाव आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं. यांच्या प्रयत्नातून. त्या पुढाऱ्यानं काय केलं होतं, तर उद्घाटनाला आला होता. मी चिडलो. बायको चिडली नाही. म्हणाली, पाटीतून पाणी येत नाही, नळातून येतं.

मी आता म्हातारपणी याचा विचार करतो. जुन्या अमेरिकेत जमीन असेल त्याला हात. आता हात सगळ्यांना आहे, हे चांगलंच आहे, माझ्यासारख्यानं वाईट म्हणू नये. पण आता ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे माइक. हात सारखे, आवाज सारखे नाहीत. लहान घरात वीस माणसं बसतात तिथं खोटं बोलणाऱ्याचे लाल झालेले कान दिसतात. मोठ्या मैदानात फक्त पाटी दिसते. आणि आमच्यासारखे, जे दुसऱ्याच्या मुलखात रंधा मारून दोन मुलखांचं पोट भरतात, त्यांचा हात इकडेही नाही, मतदानाला घरी नाहीत म्हणून तिकडेही नाही. असं मी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "तुमी चिठ्ठी पाठवा."

पुढं कुवेतमध्येच बायकांना मत मिळालं. निवडणुकीचे तंबू लागले, आमच्या कारखान्याला स्टेजची कामं आली. कारखान्यात सगळ्यांचं हिंदीतच चालायचं. मालक एकदा म्हणाला, मेरे घर में अब दो वोट है, लेकिन दूसरा किसको गया, मालूम नहीं. सांगत नाही बायको. मी म्हटलं, मालिक, मेरा भी सेम प्रॉब्लेम. त्याला काही कळलं नाही. घरी सांगितलं, तर बायकोनं त्या दिवशी शिरा केला. कुवेती बायांच्या मताचा शिरा महबूलात.

त्यानंतर काही वर्षांनी मंडळातून मला निरोप आला, की देवळाचा दरवाजा करायचाय, ठरलेलं आहे, लाकूड घ्या. मला वाटलं, लोकांना माझी आठवण राहिली. कामाची किंमत कळली. मी छाती काढून फिरलो. आम्ही कुवेत सोडून गावी आलो आणि मी पहिलं काम तेच केलं. सात महिने लागले. चौकटीवर वेल, खाली हत्ती, डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरात माझं नाव. बायको रोज दुपारी देवळात डबा घेऊन यायची आणि पायरीवर बसून बघायची. वाडीत नळ होता, तिला दुपार मोकळी होती. मी म्हणायचो, "बघ, माणसा इसारनत नाय." ती म्हणायची, "व्हय तर."

तिला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ताप आला आणि ती पाच दिवसांत गेली. हे जास्त लिहीत नाही.

बाराव्याला आमचे जुने अध्यक्ष मुंबईहून आले. आता तेही म्हातारे, काठी घेऊन चालतात. जेवणं झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. मी विचारलं. मी खाली बकालाच्या पायरीवर होतो त्या दिवशी ती काय बोलली. आता तरी सांगा, सांगू नको म्हणणारी गेली.

काठी फिरवत ते म्हणाले, सगळं आठवत नाही. उभी राहिली नाही, बसूनच बोलली. पहिलं वाक्य आठवतं. "हो हात माझ्या घोवाचो. पाणी मातर मी भरलंय." मग पायऱ्या किती ते सांगितलं. मूल गेलं ते सांगितलं नाही, पण ज्यांना माहीत होतं त्यांनी खाली बघितलं. आणि शेवटी अध्यक्षांना म्हणाली, वही काढा आणि लिहा. "पयला पाणी. मगे माझ्या घोवाचो दरवाजो. दोनय लिवा. तेंका दरवाजो व्हयो आसा. तोंडान सांगूचे नाय ते."

"म्हणूनच हरली," अध्यक्ष म्हणाले. "नुसतं पाणी म्हणाली असती तर तेव्हाच झालं असतं. दोन्ही म्हटल्यावर लोक कचरले, एवढं कुठून आणायचं. मी तिला म्हटलं, वैनी, दरवाजा सोडा. सोडला नाही. मॅचच्या दिवशीही दोन्ही ओळी लिहून घेतल्या तिनं. आणि मग दरवर्षी एकदा मला फोन. दुसरी ओळ राहिली, म्हणून."

अध्यक्षांनी तंबाखू पुढं केली. मी खात नाही, पण घेतली.

रोज सकाळी सहाला नळाला पाणी येतं. एका माणसाला एक कळशी पुरते, मी हंडाही भरतो. मग देवळात जातो, बिजागरीला तेल घालतो. दरवाजावर माझं नाव आहे. टाकीवर पुढाऱ्याचं आहे. तिचं कुठंच नाही. मी सागाची एक पट्टी काढून ठेवलीय, वीतभर, तासून गुळगुळीत केलेली, माझ्या नावाखाली बसेल एवढी. पण देवळात खिळा मारायचा तर गावकीला विचारावं लागतं. परवा सभा आहे. आता सभेत बायका बसतात, खांबाला टेकून, आणि निम्म्या तर सुतारवाडीच्याच. अध्यक्ष मुंबईला आहेत. यायला जमणार नाही, म्हणाले. गावकीनंही आता आमच्या मंडळासारखा चिठ्ठीचा नियम घेतलाय. त्यांची चिठ्ठी काल पोस्टानं आली. हिरव्या शाईतली. त्यांचा हात मी वर करायचा आहे.